टेलचा बिबट्या

"बाई, ऐकलं का? वरच्या वस्तीवरचं काळं कुत्रं गेलं."

"गेलं म्हणजे? मेलं?"

"मेलं असतं तं दिसलं असतं. नेलं. रातच्याला एकदाच केकाटलं म्हणं, मग सगळं चिडीचूप. सकाळी बघतात तं उसाच्या कडंला फरपटत नेल्याचा माग आणि गळ्यातला पट्टा. बस्स."

शनिवारची सकाळची शाळा करून आले होते आणि कुंपणावरची अमरवेल ओढत होते. आक्कांची वस्ती आणि आमचं घर ह्यांच्यामधे मेंदीचं कुंपण आहे. पलीकडं आक्कांच्या शेळ्या, दोन गाई, एक म्हातारी म्हैस. त्यापलीकडं प्रवरेपर्यंत ऊसच ऊस. अकोले तालुक्यात कुणाच्या घरी काय शिजलं हे आक्कांना विचारावं आणि कुणाच्या पोटात काय गेलं हे मला. शाळेत विज्ञान शिकवण्याचा एवढाच मान.

"आता तो चिकनवाला भाऊ पेटलाय," आक्का म्हणाल्या. "पिंजरा लावा, नायतर रास्ता रोको करतो म्हणं. काल पारावर नुसता गरजत व्हता. बरं, ही पिवळी दोरी परत आली वाटतं तुमच्याकडं?"

"परत कसली, गेलीच नव्हती. हे बघा."

मी एक फांदी मोडून त्यांच्यापुढं धरली. अमरवेलीचा पिवळा दोरा मेंदीच्या काडीला वेढे घालून बसला होता. वेढ्याच्या आतल्या अंगाला बारीक गाठींची रांग, आणि एकेक गाठ सालीत रुतलेली. दोरा ओढला तर त्याच्याबरोबर हिरवी सालही सोलून आली.

"हिला पान नाही, आक्का, आणि स्वतःचं अन्न करावं एवढा हिरवेपणाही नाही. बी रुजलं तेव्हा नावाला मूळ होतं. मेंदीची काडी हाताला लागली आणि ते मूळही वाळून गेलं. आता पाणी मेंदीचं, साखरही मेंदीची."

"आयत्या बिळावर नागोबा! असल्यांना काय तोटा हाय का? ती शेवग्यावरची कावळीण बघा की. कोकिळेचं पोर पोसतीय. तिची स्वतःची दोन बाजूला आ करून बसल्यात आणि हे दांडगं पयला घास मारतंय. तिला कळत कसं नाय म्हणते मी?"

"कळलं असतं तर कोकिळेचा वंश बुडाला असता. पण आपल्या कोकिळेचं पोर त्यातल्या त्यात बरं. काही देशांतल्या कोकिळेच्या भाईबंदांची पिल्लं अंड्यातून बाहेर पडली की घरमालकाची अंडी पाठीनं ढकलून घरट्याबाहेर टाकतात. हे बापडं तसं करत नाही."

"बाई गं! आणि आमच्या म्हशीमागं फिरणारे बगळे? ते काय घेतात तिचं?"

"काहीच नाही. म्हैस चालली की गवतातले नाकतोडे उडतात, ते बगळे टिपतात. म्हशीचा फायदा नाही, तोटाही नाही."

"म्हंजी आमच्या थोरल्या दिरासारखं. येतो, बसतो, च्या पिऊन जातो."

"चहा जातो ना पण तुमचा!"

"ते बी खरंय." आक्का हसल्या आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण बाई, बिबट्याचं काय वो? त्याला उसात खायाला मिळतं तरी काय? ऊस तं खात नसंल."

"त्याची विष्ठा तपासून बघितलीय लोकांनी. आपल्याच तालुक्यात."

"काय तपासून?"

"विष्ठा. शेण म्हणा हवं तर. विद्या अत्रेय म्हणून वन्यजीव शास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी आपल्या ह्या भागात रात्रीचे कॅमेरे लावले. अभयारण्य नाही, रान म्हणावं असं रान नाही. चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं राहतात. तरी 100 चौरस किलोमीटरला जवळजवळ 5 मोठे बिबटे निघाले. आणि तितकेच तरस."

"तितकेच? मला वाटलं तरस संपले."

"तुमच्या घरामागून जातात, तुम्हाला पत्ता नसतो. तर बिबट्याची विष्ठा गोळा करायची, धुवायची आणि त्यातले केस सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. केस पचत नाहीत. कुत्र्याचा केस वेगळा, शेळीचा वेगळा, उंदराचा वेगळा."

"शिकल्यासवरल्या बाईनं हे काम केलं?" आक्कांनी पदर तोंडाला लावला. "आणि आमची सून गोठा झाडायला नाक मुरडती. बरं, निघालं काय?"

"त्याच्या खाण्यातलं 87 टक्के मांस गावातल्या जनावरांचं. एकट्या कुत्र्यांचं 39 टक्के. मग मांजरं, 15 टक्के. शेळ्या 11."

"शेळ्या एवढ्याच?" शेळ्यांचं नाव निघताच आक्का एक पाऊल पुढं आल्या. "आवो, शेळ्या तं घरटी चार-चार हायत!"

"ह्या भागात कुत्र्यांच्या सातपट शेळ्या आहेत, तरी तो कुत्रंच जास्त खातो. का, सांगा बरं."

आक्कांना सांगावं लागत नाही. "शेळी रात्री कोंडलेली असती. कुत्रं मोकळं."

"बरोबर. जे सोपं पडतं ते तो उचलतो. उगाच दार फोडण्यात ताकद घालवणं त्याला परवडत नाही."

"मग एवढी कुत्री हायत, मांजरं हायत, तं बिबटे शंभरानं का नाय झाले? कुत्र्यांना काय कमी हाय गावात?"

प्रश्न असा की नववीच्या वर्गात कुणी विचारला असता तर त्याला मी पुढच्या बाकावर बसवलं असतं. मी म्हटलं, "आक्का, तुमच्या जर्सीला दिवसाचा चारा किती लागतो?"

"हिरवा पंचवीस-तीस किलो. वाळला पाच-सहा. वर पेंड."

"मग गाय रोज तीस किलोनं वाढते का?"

"वाढली असती तं गोठा फुटला नसता का!"

"मग जातं कुठं सगळं?"

"शेणात जातं, मुतात जातं. दुधात जातं थोडं."

"आणि? जरा तिच्या मानेवर हात ठेवा."

गाय कुंपणाजवळच बांधली होती. आक्कांनी सवयीनं तिच्या मानेखालच्या पोळीवर हात फिरवला. गाय कान हलवत रवंथ करत होती. शेपूट पाठीवर आपटून माशा हाकलत होती.

"गरम लागतंय ना? ही जी ऊब आहे ना, ती म्हणजे चारा जळतोय. श्वास घेणं, रवंथ करणं, शेपूट मारणं, उभं राहणं, सगळ्याला तोच चारा. जळून उरलं त्यातलं थोडं दुधात, थोडं अंगावर. म्हणून गवतात जेवढी ऊर्जा असते त्यातली ढोबळ मानानं दहावा हिस्साच गवत खाणाऱ्याच्या अंगात साठते. त्याला खाणाऱ्याच्या अंगात पुन्हा त्याचा दहावा. कुठं जरा जास्त, कुठं कमी, पण गळती अशी. आणि मुळात पानावर पडलेल्या उन्हातलंसुद्धा पान शेकडा एक-दोनच धरून ठेवतं."

आक्का थोडा वेळ गप्प राहिल्या. त्यांचं माहेर श्रीरामपूरकडचं, कॅनॉलच्या पट्ट्यातलं. म्हणाल्या, "म्हंजी टेलचं पाणी."

"कसं?"

"भंडारदऱ्याचं आवर्तन सुटलं की हेडवाले धो-धो भरणं करतात. मधी चारीत मुरतं, उन्हानं उडतं, कुणी रात्री मोटर टाकतं. आमचे आबा टेलला. त्यांच्या बांधावर पाणी यायचं ते चिमणीला आंघोळ व्हईल एवढं. तसा हा बिबट्या टेलला बसलाय."

मी हातातली फांदी खाली ठेवली. वर्षानुवर्षं फळ्यावर मनोरा काढून शिकवते, खाली रुंद आणि वर टोकदार. पण टेलचा शेतकरी मला कधी सुचला नव्हता. "अगदी तसंच. फक्त एक फरक. चारीत मुरलेलं पाणी कुणाच्या तरी विहिरीला लागतं. गाईच्या अंगातून गेलेली ऊब मात्र परत कुणाच्या पोटात येत नाही, ती गेली ती गेली. म्हणून रोज नवं ऊन लागतं. शेणाचं तसं नाही. शेण रानात जातं, कुजतं, त्यातला नत्र, स्फुरद मातीत जातो, तिथून पुन्हा उसात. खत फिरून येतं, ताकद फिरून येत नाही."

"हे कुणी शोधलं?"

"रेमंड लिंडमन नावाचा पोरगा होता, अमेरिकेत. मिनेसोटात सीडर बॉग नावाचं एक छोटं तळं आहे. तिथं तो वर्षानुवर्षं शेवाळं, किडे, मासे ह्यांची मोजदाद करत बसला. कोण कुणाला खातो एवढं लिहून तो थांबला नाही. ऊन किती आलं आणि कुठल्या पायरीपर्यंत किती पोचलं, हा जमाखर्च त्यानं मांडला. पहिल्यांदा लेख पाठवला तर जाणकारांनी नाकारला. शेवटी 1942 साली छापून आला, पण तोवर पोरगा आजारपणात गेला होता. सव्वीस वर्षांचा."

"अरे देवा! लग्न झालं व्हतं का?"

"झालं होतं. एलिनॉर तिचं नाव. तीही तळ्यावर त्याच्याबरोबर कामाला असायची."

"बघा. बायका चिखलात उतरतात आणि नाव नवऱ्याचं व्हतं," असा निकाल देऊन आक्कांनी लिंडमनची फाईल बंद केली. मग एकदम म्हणाल्या, "पण बाई, तुमच्या हिशेबात एक चूक हाय. टेलला पाणी पोचतच नाय, तं टेलचा माणूस एवढा गुबगुबीत कसा? त्या दिवशी पोरांनी मोबाइलवर दाखवला. काय ते अंग, काय ती शेपूट!"

"कारण त्याच्यासाठी दुसऱ्याच कॅनॉलनं पाणी येतं. तुमच्या धाकट्याची पोल्ट्री आहे ना? कोंबडी किती दिवसांची करून देतो?"

"चाळीस-बेचाळीस दिवस. दोन-सव्वादोन किलोची व्हती."

"आणि खाद्य?"

"किलोमागं दीड-पावणेदोन किलो. कंपनीवाला सुपरवायझर रोज तेच डोकं खातो, एफसीआर, एफसीआर."

"त्या खाद्यात मका आणि सोयाबीन. खाद्य वाळलेलं आणि कोंबडीच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणी, म्हणून हिशेब दिसतो तेवढा गोड नसतो. तरी कोंबडी गाईपेक्षा काटकसरी. तिला फिरू देत नाहीत, पिल्लांना बल्ब लावून ऊब बाहेरून देतात, आणि वाढीच्या भरात असतानाच विकतात. आता ती कोंबडी दुकानात कापली की पिसं, आतडी, मुंडी, पाय मिळून किलोमागं पाव किलोच्या वर कचरा निघतो. आपल्या चिकनवाल्या भाऊचा कचरा कुठं जातो?"

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. मग उसाच्या पलीकडच्या ओढ्याकडं बघितलं. "पोत्यात भरून ओढ्यात टाकतो मेला. वास मारतो नुसता. तिथं कुत्र्यांचा बाजार भरलेला असतो. त्या तांबड्या कुत्रीनं औंदा आठ पिल्लं घातली आणि आठही जगली!"

"एरवी आठातली किती जगतात?"

"दोन जगली तं खूप." आक्का बोटं मोजायला लागल्या. "म्हंजी ऊन मक्यात, मका कोंबडीत, कोंबडी कुत्र्यात, कुत्रं बिबट्यात."

"चौथ्या पायरीला बसलाय तो. इथल्याच उन्हावर जगायचं असतं तर त्याला भुकेनं कोसकोस फिरावं लागलं असतं. पण मका येतो ट्रकनं, कुठल्या कुठल्या जिल्ह्यातून. तिकडच्या शेकडो एकरांवर पडलेलं ऊन पोत्यात भरून इथं येतं, आणि त्यातलं थोडं रोज ओढ्याकाठी सांडतं. टेलच्या माणसाला घरबसल्या टँकर लागलाय म्हणा ना."

"आणि टँकर लावणाराच पिंजरा मागतोय!" आक्कांना हे फार आवडलं. त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं.

"एकटा तोच नाही, आक्का. लग्नाच्या पत्रावळी कुठं टाकतो आपण? मेलेलं वासरू कुठं टाकतो?"

"गावाबाहेर, माळावर. पूर्वी तिथं गिधाडं असायची. मी लग्न होऊन आले तवा मेलेलं जनावर टाकलं की घटकाभरात आभाळातून उतरायची. संध्याकाळपर्यंत नुसती हाडं. आता एक दिसत नाय."

"नव्वदच्या दशकात देशभरातली बहुतेक गिधाडं संपली. पांढऱ्या पाठीचं गिधाड तर शंभरातलं एखादंसुद्धा उरलं नाही. जनावराला दुखण्यावर डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन द्यायचे. ते जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की गिधाडाची किडनी बंद पडायची. कारण उमगलं 2004 साली, पाकिस्तानातल्या गिधाडांवरून. आपल्याकडं 2006 साली जनावरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली. पण तोवर माळावरचं मांस कुत्र्यांच्या वाट्याला आलं होतं. त्या दहा-अकरा वर्षांत देशात कुत्री 55 लाखांनी वाढली असा एका अभ्यासाचा अंदाज आहे."

"म्हंजी गाईला सुई टोचली, गिधाड मेलं, कुत्रं माजलं आणि बिबट्या आला?"

"इतकी सरळ रेघ नका ओढू. उसानं त्याला लपायला जागा दिली, नदीनं पाणी दिलं, आपण जेवण दिलं. तिन्ही मिळून तो इथं आहे. बिबटी उसातच वितात, पिल्लं उसातच वाढतात. तोडणीच्या वेळी सापडतात ती तीच."

"मला तं सगळे सांगतात की फॉरेस्टवाल्यांनीच रात्री गाडीतून आणून सोडले."

"ह्या अफवेत मूठभर खरं आहे. जुन्नरला 2001 ते 2003 मध्ये बिबटे पकडून लांबच्या रानात नेऊन सोडले होते. त्याचा अभ्यास नंतर छापून आला. त्याआधी तिथं माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे, ते ह्या सोडासोडीच्या काळात 17 वर गेले."

"वाढले? कमी व्हायच्या ऐवजी?"

"बिबट्याला आपली हद्द पाठ असते. कुठं पाणी, कुठं कुत्री, कुणाच्या वस्तीवर दिवा असतो, सगळं. त्याला उचलून परक्या ठिकाणी टाकलं की तो बिथरतो, परतीला निघतो. आजोबा माहीत आहे ना?"

"कुणाचा आजोबा?"

"बिबट्या हो. आपल्याच जिल्ह्यात, टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला. 2009 साली त्याच्या गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. तो चालत चालत थेट मुंबईच्या बोरिवलीच्या जंगलात गेला. वाटेत गावं, रेल्वे, हमरस्ते, खाडी. एका माणसाला ओरखडा नाही."

"हां, हां! उर्मिलाचा पिक्चर!"

"तोच, 2014 चा. पण खरा आजोबा त्याआधीच, 2011 मध्ये गाडीखाली गेला."

"बिचारा. मुंबईत कोण टिकतं?" आक्कांनी जीभ चुकचुकली. मग त्यांना मूळ मुद्दा आठवला. "पण इथला नेला तं जागा मोकळी व्हईल ना?"

"मोकळी जागा आणि भरलेला ओढा! महिन्या-दोन महिन्यांत दुसरा येऊन बसेल, आणि तो ह्या गल्लीबोळात नवखा असेल. लोकरी मावा आठवतो का, आक्का?"

"न आठवायला काय झालं? पाडव्याला उसाकडं बघवत नव्हतं. पानाखाली पांढरा कापूस पिंजल्यावाणी, आणि त्याचा चिकटा खालच्या पानावर पडून वर काळी बुरशी. ह्यांनी फवारणीला कर्ज काढलं."

"2002 साली सांगलीकडं सुरू झाला आणि बघता बघता राज्यभर पसरला. लोकांनी मिळेल ते औषध मारलं. त्यात माव्याबरोबर माव्याला खाणारेही मेले. मग कृषी विद्यापीठांनी सांगितलं की औषध आवरा, मित्रकिडी सोडा. डायफाची अळी आणि मायक्रोमस. डायफाची अळी माव्याच्या कापसातच जाळं विणून राहते आणि आतल्या आत मावा फस्त करते."

"आमच्या उसात सोडली व्हती की. पांढऱ्या पिशव्यांतून पानं आणून बांधली. मला वाटलं, ह्या चिमूटभर अळ्या काय करणार? पण पुढच्या साली कमी झाला खरा."

"आणि मावा कमी झाल्यावर डायफा कुठं गेली?"

"तीबी कमी झाली. खायाला नाय तं राहील कशी?"

"बस्स. एवढंच मला म्हणायचंय. खाणं आहे तिथं खाणारा येतो, खाणं आटलं की खाणाराही आटतो. पिंजऱ्यानं नाही आटत."

आक्का जिंकू देतील तर त्या आक्का कसल्या. त्यांनी शेळीच्या पाठीवरचं गोचीड उपटलं, नखावर चिरडलं आणि म्हणाल्या, "म्हंजी उद्या ओढा साफ केला, कुत्री कमी झाली. बिबट्याला भूक लागली. मग तो कुणाकडं बघणार? ह्यांच्याकडं!" शेळ्या आपल्याबद्दल चाललंय हे कळल्यासारख्या बघत होत्या.

ह्याला उत्तर होतं, पण ते सोपं नव्हतं. "म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी गोठा, मग ओढा. शेळ्यांचा कोंडवाडा वरूनही बंद पाहिजे. तुमच्याकडं तीन बाजूंनी जाळी आणि वर मोकळं आभाळ. त्याला भिंत म्हणजे पायरी. वर जाळी टाका, दाराला कडी लावा. मग कचरा हळूहळू बंद. आणि कुत्री मारून नव्हे हं. त्यांची नसबंदी, आणि खरकटं उघड्यावर न टाकणं. पिल्लंच कमी जगली की संख्या आपोआप खाली येते."

"आणि लेकरं?" आक्कांचा आवाज बदलला. त्यांचा नातू अंगणात टायर फिरवत होता.

ह्या बाबतीत मला हसून बोलता येत नाही. जुन्नर, शिरूर, संगमनेर ह्या पट्ट्यात लेकरं गेलेली आहेत. म्हातारी माणसं गेलेली आहेत. ज्या घरातलं गेलं त्या घराला टक्केवारी सांगायला कुणी जाऊ नये. "लेकरांना दिवेलागणीनंतर उसाच्या कडेला एकटं सोडायचं नाही," मी म्हटलं. "संडासला बाहेर बसायला तर अजिबात नाही. बसलेलं, वाकलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही, जनावर वाटतं. तोडणीच्या टोळ्यांच्या कोप्या फडाच्या अगदी कडेला असतात, त्यांच्या लेकरांना धोका सगळ्यांत जास्त. त्यांना उजेड द्या, दार असलेली जागा द्या. रात्री भरणं करायला जाताना मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावा, दोघं मिळून जा, बॅटरी मारा. त्याला कळलं माणूस येतोय की तो स्वतःच वाट सोडतो."

"आमचे हे कायम गप्प जातात पाणी धरायला. त्यांना गाणं लावायला सांगते." आक्का जरा सैल झाल्या. "आणि खरंच माणसाला खाऊन पोट भरायचं असतं त्याला तं ह्या तालुक्यात एक माणूस उरला नसता. आपण पिढ्यान्‌पिढ्या उसात वाकतोय."

"खरंय."

"मग आपण कितव्या पायरीवर, बाई? सगळ्यांच्या वर?"

मला हा प्रश्न हवाच होता. "नाही हो. हिरवं झाड पहिली पायरी, नुसता झाडपाला खाणारी शेळी दुसरी, शेळीला खाणारा तिसरी. बाजरीची भाकरी खाल्ली की तुम्ही शेळीच्या पायरीवर. रविवारी मटण केलं की तेवढ्यापुरत्या एक पायरी वर. 2013 साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी जगभरच्या माणसांच्या खाण्याची सरासरी काढली. माणसाची पायरी निघाली 2.21."

"दोन पूर्णांक एकवीस?"

"साधारण डुकराएवढी."

आक्कांच्या हातातली चाऱ्याची पाटी खाली आली. "डुकराच्या?"

"तसंच छापलंय त्यांनी. डुक्कर आणि अँचोव्ही नावाची एक मासोळी. डुक्कर सगळं थोडं थोडं खातं ना, आपल्यासारखंच. आपण वर बसलोय असं आपल्याला वाटतं, पण खाण्याच्या हिशेबात आपण मधेच कुठंतरी."

"आणि बिबट्या आपल्या वर."

"खाण्याच्या हिशेबात, हो. पण वर असणाऱ्याचं चांगलं नसतं, आक्का. जितका वर, तितकं कमी पोचतं. शंभर चौरस किलोमीटरला पाच. त्यांच्यातला एकेक आपल्या खरकट्यावर उभा. आपण ठरवू तसा वाढणार, ठरवू तसा कमी होणार. वाढवलाय कुणी हे तर आता कळलंच."

आक्का कुंपणावरून आणखी पुढं झुकल्या. डोळ्यांत जी चमक आली ती मी ओळखते. ही चमक आली की संध्याकाळपर्यंत बातमी नदीपलीकडं गेलेली असते. "तो चिकनवाला भाऊ. त्याच्या बुलेटच्या टाकीवर काय रंगवलंय ठाऊक हाय? वाघ. आणि खाली लिहिलंय, 'नाद करायचा नाय'."

"असू दे हो."

"असू दे कसं? मंगळवारी ग्रामसभा हाय. त्याचा पिंजऱ्याचा ठराव येणार. मी पयला ओढ्याचा मुद्दा काढणार. पोती मोजून सांगणार. सरपंचाला म्हणणार, कचऱ्याला खड्डा खणून द्या, नायतर त्याच्या दुकानापुढंच टाका. कोप्यांवर दिव्याचं बी बोलणार. आणि मग शेवटी ते डुकराचं सांगणार."

"आक्का, ते नको. भांडण होईल."

"भांडण कशाचं? शास्त्र हाय ते." आक्कांनी पाटी उचलली, गाईपुढं रिकामी केली आणि वळता वळता म्हणाल्या, "आणि काय बोलला कोणी तं सांगीन की बाईंनी सांगितलं."